मॉर्गन डॉलर हाती आला तर: चांदीचा भाव आणि संग्राहकाचा भाव कसा काढावा

एका बाजूला स्त्रीचे मुख आणि दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड असलेले, तळहातावर चांगले जड लागणारे जुने अमेरिकन नाणे अनेक वाटांनी आपल्यापर्यंत येते. कोणाला ते अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाने भेट दिलेले असते, कोणी तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून हौसेने घेतलेले असते, तर कोणाच्या घरी देवघरातल्या चांदीच्या डब्यात ते वर्षानुवर्षे पडून असते. त्याचे मोल किती, असे विचारले की दोन वेगवेगळे आकडे समोर येतात. पहिला आकडा त्यातल्या चांदीचा असून तो कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन काढता येतो. दुसरा संग्राहक देतील तो भाव. तो नाण्यावरचे वर्ष, टांकसाळीचे अक्षर आणि नाण्याची अवस्था या तिन्हींवर मिळून ठरतो. नवख्या माणसाने कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे या लेखात मॉर्गन डॉलर या एकाच नाण्याच्या आधारे सांगितले आहे. हे नाणे मुद्दाम निवडले, कारण अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या नाण्यांमध्ये ते सर्वाधिक जमवले जाते आणि त्याच्या नकलाही तितक्याच निघतात.

आधी नाणे तेच आहे ना, हे पाहावे

मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ या काळात सलग आणि नंतर १९२१ मध्ये एक वर्ष पाडला गेला. ब्रिटनच्या शाही टांकसाळीत तयार झालेले आणि १८७६ मध्ये अमेरिकेत आलेले जॉर्ज मॉर्गन यांनी त्याची रचना केली, म्हणून त्याला हे नाव पडले. दर्शनी बाजूवर डावीकडे पाहणारे स्वातंत्र्यदेवतेचे मुख, भोवती तेरा तारे आणि तळाशी वर्ष असते. फिलाडेल्फियातील शिक्षिका ॲना विलेस विल्यम्स यांनी या मुखासाठी मॉर्गन यांच्यासमोर बैठक दिली होती. मागच्या बाजूवर बाण आणि ऑलिव्हची फांदी धरलेला गरुड, त्याच्याखाली अर्ध्या वर्तुळात पानांची माळ आणि अगदी तळाशी 'वन डॉलर' ही अक्षरे असतात.

याच आकाराची आणखी काही नाणी असल्याने गल्लत होते. डोक्याभोवती किरणांचा मुकुट असलेली देवता आणि खडकावर बसलेला गरुड दिसला, तर तो १९२१ ते १९२८ आणि १९३४-३५ या वर्षांचा पीस डॉलर होय. त्याचे वजन आणि कस मॉर्गनइतकेच असल्याने चांदीचा हिशेब दोघांना सारखाच लागू होतो. बसलेली देवता आणि 'ट्रेड डॉलर' अशी अक्षरे असतील, तर ते चीनशी व्यापारासाठी १८७३ पासून पाडलेले, किंचित जड, २७.२२ ग्रॅमचे वेगळे नाणे आहे, आणि त्याच्या इतक्या नकला निघाल्या आहेत की खरे असल्याचे सिद्ध होईपर्यंत ते खोटेच धरावे. राष्ट्राध्यक्ष आयझनहॉवर यांचे मुख असलेले १९७१ ते १९७८ मधले नाणे आकाराने एवढेच असले, तरी चलनासाठी पाडलेल्या त्या डॉलरमध्ये चांदी मुळीच नसते. संग्राहकांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत काढलेल्या काही नाण्यांमध्ये ती ४० टक्के आहे. नाण्यावर २०२१ किंवा त्यानंतरचे वर्ष आणि मॉर्गनचीच रचना असेल, तर ते अमेरिकन टांकसाळीने संग्राहकांसाठी नव्याने काढलेले ९९.९ टक्के चांदीचे नाणे आहे. कुठे 'एक ट्रॉय औंस' अशा अर्थाची अक्षरे दिसली, तर खासगी कारखान्याने मॉर्गनचे चित्र वापरून केलेली ती चांदीची चकती आहे. चकतीत चांदी खरी असू शकते, पण तिला नाणे म्हणून कोणी भाव देणार नाही.

चांदीचा हिशेब

मॉर्गन डॉलरचे टांकसाळीतून निघतानाचे वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने सव्वादोन तोळ्यांहून जरा अधिक. त्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे असते. तेव्हा शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, किंवा जागतिक बाजार ज्या मापात बोलतो त्या ट्रॉय औंसात ०.७७३४ औंस भरते. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. किराणा मालासाठी वापरला जाणारा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो, आणि या दोहोंची सरमिसळ केल्यास हिशेब जवळपास दहा टक्क्यांनी चुकतो.

आपल्याकडे चांदीचा भाव किलोवर सांगतात. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून तो किलोला १,००,००० रुपये धरू. एक ग्रॅम शुद्ध चांदी १०० रुपयांची, म्हणून एका मॉर्गनमधली चांदी सुमारे २,४०६ रुपयांची. भाव बदलला की ज्या दिवशी हिशेब करायचा त्या दिवसाच्या किलोच्या भावाला १,००० ने भागून २४.०६ ने गुणावे, एवढेच काम उरते. अमेरिकेतल्या वाचकाने औंसाच्या भावाला ०.७७३४ ने गुणावे. चांदी औंसाला ३० डॉलर असेल, तर नाण्यातली चांदी २३ डॉलर २० सेंटची होते. नाण्यावर 'वन डॉलर' लिहिले आहे, याचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही.

यात दोन कपाती ध्यानात ठेवाव्या लागतात. हातोहात फिरून झिजलेले नाणे २६.७३ ग्रॅमऐवजी थोडे कमी भरते, म्हणून ते प्रत्यक्ष तोलावे आणि त्या वजनाला ०.९ ने गुणावे. दुसरी कपात सराफाची. सराफ नाण्याकडे मोड म्हणून पाहतो, घट धरतो, गाळण्याचा खर्च आणि आपला नफा वजा करतो, आणि परदेशी नाण्याचा कस माहीत नसेल तर स्वतःच्या सोयीने खालचा कस धरून मोकळा होतो. कस ९०० आहे हे आपल्याला ठाऊक असले, की त्या संभाषणात निदान आपली बाजू लंगडी पडत नाही. चांदीचा हा आकडा म्हणजे नाण्याच्या किमतीचा तळ आहे. नाणे कितीही झिजलेले, खरवडलेले, भोक पाडलेले असले तरी या आकड्याच्या फारसे खाली ते द्यावे लागत नाही.

खरे की खोटे

ही पायरी चांदीच्या हिशेबानंतर सांगितली असली, तरी प्रत्यक्षात ती पैसे मोजण्याच्या आधी करायची आहे. घरात चार साध्या कसोट्या घेता येतात.

पहिली कसोटी लोहचुंबकाची. चांदी आणि तांबे दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. नाणे चिकटले तर पुढे काही पाहायचे कारण नाही. मात्र चिकटले नाही म्हणून ते खरे ठरत नाही, कारण पितळ, जस्त आणि शिसेही चिकटत नाहीत. दुसरी कसोटी वजनाची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा तराजू लागतो. कमी झिजलेले नाणे २६.५ ते २६.८ ग्रॅमच्या दरम्यान भरले पाहिजे. ठळक, ताजे दिसणारे नाणे २४ किंवा २५ ग्रॅम भरले, तर ते परत करावे. तिसरी मापाची: व्यास ३८.१ मिलिमीटर असतो आणि कडेवर उभ्या खाचा सर्वत्र सारख्या, स्वच्छ कापलेल्या असतात. कडेवर गोल फिरणारी शिवण दिसली, तर ते साच्यात ओतलेले नाणे आहे, कारण टांकसाळीत नाणे ओतत नाहीत, ठशाखाली दाबून पाडतात.

चौथी कसोटी घनतेची असून तिलाच मी सर्वांत जास्त महत्त्व देईन, कारण ती नाण्याला इजा न करता आतल्या धातूपर्यंत पोहोचते. त्याच तराजूवर पाण्याने अर्धा भरलेला हलका पेला ठेवावा, काटा शून्यावर आणावा, नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूंना टेकणार नाही असे धरावे, आणि काट्यावर किती ग्रॅम दिसतात ते पाहावे. नव्वद टक्के चांदीच्या २६.७३ ग्रॅमच्या नाण्यासाठी हा आकडा २.६ च्या आसपास येतो. कोरडे वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता, आणि ती १०.३ च्या जवळ यायला हवी. तांबे-निकेलच्या तेवढ्याच वजनाच्या नाण्याला तो आकडा ३ च्या आसपास मिळेल. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने हलकेच काढावेत, नाहीतर आकडा फसवतो.

सराफाकडच्या यंत्रावर नाणे तपासून घेता येते, परंतु ते यंत्र मुख्यतः पृष्ठभागाजवळचा धातू वाचत असल्याने जाड मुलामा दिलेले नाणे त्याला चकवू शकते, म्हणून यंत्राच्या आकड्याला वजन आणि घनता यांची जोड असावी. कसोटीच्या दगडावर घासून आम्ल टाकू देऊ नये. दागिन्याला ते चालते. नाण्यावर पडलेला ओरखडा मात्र संग्राहकाच्या भावातून कायमचा वजा होतो.

फेरीवाल्यांकडे किंवा जुन्या बाजारात अंथरलेल्या चादरीवर एकाच वर्षाचे पाच-दहा डॉलर एकसारख्या काळपट रंगात दिसले, तर त्यांच्याविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतींवर 'कॉपी' हा शब्द उमटवण्याचे बंधन १९७३ च्या कायद्याने घातले आहे, पण बाहेरच्या देशांत तयार होणाऱ्या नकलांवर तो शब्द असेलच असे नाही.

वर्ष आणि टांकसाळ

आता भिंग घ्यावे. पाच ते दहा पटींचे पुरते. वर्ष दर्शनी बाजूच्या तळाशी आहे. टांकसाळीचे चिन्ह मागच्या बाजूवर, पानांच्या माळेच्या गाठीखाली आणि 'डॉलर' या शब्दातल्या पहिल्या दोन अक्षरांच्या वर, अगदी बारीक असते. तिथे काहीच नसेल, तर नाणे फिलाडेल्फियाचे. वर्तुळासारखे 'ओ' असेल तर न्यू ऑर्लिन्सचे, 'एस' असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचे, जोडीने दोन 'सी' असतील तर नेवाडातल्या कार्सन सिटीचे. 'डी' म्हणजे डेन्व्हर, आणि ते फक्त १९२१ च्या नाण्यावर सापडते.

वर्ष १९२१ असेल, तर उत्सुकता बरीच आवरती घ्यावी. त्या एका वर्षात फिलाडेल्फियाने ४ कोटी ४६ लाख ९० हजार, सॅन फ्रान्सिस्कोने २ कोटी १६ लाख ९५ हजार आणि डेन्व्हरने २ कोटी ३ लाख ४५ हजार डॉलर पाडले. वापरून झिजलेल्या १९२१ च्या नाण्याला चांदीच्या किमतीवर थोडीशीच भर मिळते.

दुसऱ्या टोकाला काही जोड्या अशा आहेत की त्या दिसल्या तर नाणे परत पेटीत ठेवून जाणकाराला गाठावे. १८९३ 'एस' हे त्यांत सर्वांत नावाजलेले, कारण ते फक्त १,००,००० पाडले गेले. १८८९ 'सीसी' ३,५०,०००, फिलाडेल्फियाचे १८९४ हे १,१०,०००. फिलाडेल्फियाच्या १८९५ च्या डॉलरचे तर संग्राहकांसाठी आरशासारखे चकचकीत काढलेले ८८० प्रूफ नमुने तेवढे माहीत आहेत. टांकसाळीच्या नोंदीत चलनासाठीच्या १२,००० नाण्यांचा उल्लेख असूनही त्यांतले एकही आजवर खात्रीने पुढे आलेले नाही. साहजिकच या जोड्यांच्या नकलाही जास्त निघतात. स्वस्त मिळणाऱ्या १८९३ च्या फिलाडेल्फिया डॉलरवर 'एस' चिकटवणे, किंवा १८९८ 'एस' मधला शेवटचा आकडा कोरून ३ करणे, ही जुनी हातचलाखी आहे. खऱ्या १८९३ 'एस' वर देवतेच्या मुकुटपट्टीवरील 'लिबर्टी' या शब्दातल्या 'टी' च्या माथ्यावर ठशातला एक तिरका बारीक ओरखडा उमटलेला असतो. तो नसेल, तर सौदा पुढे नेऊ नये.

पाडले किती आणि उरले किती

नवखे संग्राहक इथे हमखास अडखळतात. टांकसाळीने किती नाणी पाडली याचे आकडे सहज मिळतात, आणि आकडा लहान म्हणजे नाणे दुर्मिळ असे मन आपोआप ठरवते. मॉर्गनच्या बाबतीत हा ठोकताळा वारंवार फसतो. त्याचे कारण या नाण्याच्या जन्मातच आहे, आणि त्या कारणाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

१८७८ चा ब्लँड-ॲलिसन कायदा राष्ट्राध्यक्ष हेस यांच्या नकाराधिकारावर मात करून संमत झाला. दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडण्याची सक्ती त्याने सरकारवर केली. खाणमालकांच्या चांदीला गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागचा मोठा हेतू होता. लोकांना एवढी जड नाणी नको होती, म्हणून ती पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिली. १९१८ पर्यंत असे डोंगर साचले होते.

त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धात, हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची टंचाई झाली. युद्धसामग्री आणि धान्याच्या खरेदीपोटी सरकारने कागदी नोटा भरमसाट काढल्या होत्या, आणि लोक त्या नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले होते. सरकारकडचा चांदीचा साठा धोक्याच्या पातळीला आला, तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. एप्रिल १९१८ मध्ये संमत झालेल्या पिटमन कायद्यान्वये २७ कोटी २ लाखांहून अधिक डॉलर वितळवले गेले, आणि त्यांतल्या सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी, म्हणजे जवळपास २० कोटी औंस, हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी त्या काळात पंचम जॉर्जचे रुपये मोठ्या संख्येने पाडले. एका मॉर्गन डॉलरमधल्या चांदीतून सव्वादोन रुपयांइतकी चांदी निघते, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या घरातल्या १९१८ किंवा १९१९ च्या रुपयात वितळलेल्या डॉलरचा अंश असणे मुळीच अशक्य नाही.

संग्राहकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की १९०४ पर्यंत पाडलेल्या सुमारे ५७ कोटी डॉलरांपैकी जवळपास निम्मे या एका कायद्याने नाहीसे झाले, आणि कोणत्या वर्षाचे, कोणत्या टांकसाळीचे किती गेले, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे पाडलेल्या नाण्यांचा आकडा आणि उरलेल्या नाण्यांचा आकडा यांचा मेळ बसत नाही. पिटमन कायद्यात वितळलेल्या डॉलरांच्या जागी नवे पाडण्याची अट होती, म्हणूनच १९२१ मध्ये मॉर्गन परत अवतरला.

गोंधळ इथेच थांबला नाही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर कोरा करकरीत जवळजवळ मिळतच नसे, आणि १९६२ च्या दरपत्रकात त्याची किंमत दीड हजार डॉलर होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारी तिजोरीतून जुन्या पिशव्या बाहेर पडल्या, त्यांत याच नाण्याच्या पिशव्या निघाल्या, आणि भाव कोसळून दोन आकडी रकमेवर आला. ज्यांनी आदल्या वर्षी तो घेतला असेल त्यांच्याविषयी सहानुभूती वाटते. १९६४ च्या मार्चमध्ये सरकारने डॉलर देणे थांबवले तेव्हा तिजोरीत मुख्यतः कार्सन सिटीचे सुमारे तीस लाख डॉलर उरले होते. ते १९७२ ते १९८० या काळात काळ्या प्लास्टिकच्या डब्यांत बंद करून विकले गेले. १८८४ 'सीसी' हे ११,३६,००० पाडले गेले, त्यांतले साडेनऊ लाखांहून अधिक त्या साठ्यात कोरेच सापडले. उलट १८८४ 'एस' ३२ लाख पाडले गेले, पण ते चलनात फिरले. झिजलेले सहज मिळते, कोरे मात्र अतिशय दुर्मिळ आणि अतिशय महाग आहे. पाडलेल्या संख्येवर विसंबणाऱ्याने या दोघांची किंमत नेमकी उलटी लावली असती. असा काळा सरकारी डबा शाबूत स्थितीत हाती आला, तर नाणे त्यातून बाहेर काढू नये, कारण त्या डब्यासाठीही संग्राहक जादा पैसे मोजतात.

अवस्था आणि प्रत

अमेरिकन नाण्यांची प्रत १ ते ७० या मोजपट्टीवर सांगतात. ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली आणि पुढे सर्वच नाण्यांना लागू झाली. ओळख पटण्यापुरता आकार शिल्लक असलेले नाणे तळाच्या अंकांत येते. 'फाइन' १२ पासून, 'व्हेरी फाइन' २० पासून, 'एक्स्ट्रीमली फाइन' ४० पासून, 'अबाउट अनसर्क्युलेटेड' ५० पासून, आणि झिजेचा मागमूस नसलेले 'मिंट स्टेट' ६० ते ७०.

मॉर्गनची झीज पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: देवतेच्या कानावरचे केस, कपाळाजवळच्या बटा, टोपीवरील कापसाच्या बोंडांच्या कडा, आणि मागच्या बाजूला गरुडाच्या छातीवरची पिसे. नाणे दिव्याखाली सावकाश फिरवावे. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा सर्व उंचवट्यांवरून न तुटता फिरतो. झिजलेल्या नाण्यावर उंच जागी तो मंद, करडा होतो. न्यू ऑर्लिन्सच्या अनेक डॉलरांवर ठसा मुळातच कमी जोराने बसलेला असल्याने गरुडाची छाती सपाट दिसते. ती झीज समजू नये. तिथली चकाकी शाबूत असेल तर नाणे कोरेच आहे. कोऱ्या नाण्यावरही बारीक ओरखडे असतात, कारण एका पिशवीत हजार डॉलर एकमेकांवर आपटत असत. देवतेच्या गालावर ते किती आहेत, यावर ६२, ६४ आणि ६६ मधला फरक पुष्कळसा ठरतो, आणि वरच्या प्रतींत एका अंकाने किंमत कित्येक पट वाढू शकते.

यावरून जो नियम निघतो, तो मराठी घरांत पाळणे अवघड जाते: नाणे घासायचे नाही. लक्ष्मीपूजनाला चांदी उजळण्याची आपली सवय चांगली आहे, पण चिंच, पितांबरी, रांगोळी किंवा दंतमंजन लावलेल्या डॉलरची मूळ चकाकी जाते आणि तिच्या जागी निर्जीव, बारीक ओरखड्यांनी भरलेली पांढरी झळाळी येते. जाणकार ती क्षणात ओळखतो. काळसर, निळसर, सोनेरी छटा म्हणजे चांदीवर हळूहळू चढलेला गंधकाचा थर असतो आणि चांगल्या नैसर्गिक छटांसाठी संग्राहक उलट अधिक देतात. पूजेत ठेवायचेच असेल तर वेगळे, झिजलेले नाणे ठेवावे. कडी लावलेले, डाग दिलेले किंवा माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेले नाणे मात्र वर्ष साधारण असेल तर चांदीच्याच भावाचे समजावे.

हाताळताना नाणे कडांवर धरावे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट थर नाण्यावर चढतो, त्यामुळे नाण्यांसाठीच्या कडक प्लास्टिकच्या गोल डब्या वापराव्यात, व्यास ३८.१ मिलिमीटरचा मागावा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात.

भाव पाहणे, तपासून घेणे, विकणे

वर्ष, टांकसाळ आणि अंदाजे प्रत कळली, की भाव शोधता येतो. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या अमेरिकन तपासणी संस्था आहेत. पहिली १९८६ मध्ये आणि दुसरी १९८७ मध्ये सुरू झाली. दोघींची दरपत्रके इंटरनेटवर पाहता येतात, पण दरपत्रकातली किंमत तपासून सीलबंद केलेल्या नाण्याची, दुकानदार विकताना मागतो ती असते. आपल्या हातातल्या सुट्या नाण्याला ती मिळेल असे धरू नये. त्यापेक्षा ईबे किंवा मोठ्या लिलावगृहांच्या नोंदींत त्याच वर्षाची, त्याच टांकसाळीची, त्याच प्रतीची नाणी प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहावे. मागितलेली किंमत कोणीही काहीही लिहू शकतो.

या संस्था नाणे खरे आहे का ते पाहून, प्रत ठरवून, ते पारदर्शक कडक पेटीत बंद करून देतात. संग्राहक त्याला स्लॅब म्हणतात. शुल्क, टपाल आणि विमा यांचा खर्च धरता झिजलेल्या १९२१ च्या डॉलरसाठी ते करणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला होय. वर सांगितलेल्या दुर्मिळ जोड्या, किंवा ज्यावर झीज अजिबात दिसत नाही आणि गाल स्वच्छ आहे असे नाणे असेल, तरच तो खर्च भरून निघतो. स्लॅबही नकली निघतात, म्हणून त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा आणि तिथे छायाचित्र असेल तर ते हातातल्या नाण्याशी जुळवावे.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकाने विकताना किमान दोन-तीन नाणे-दुकानदारांकडे विचारावे. साधारण वर्षांच्या झिजलेल्या डॉलरला दुकानदार बहुधा चांदीच्या भावाशी जोडूनच रक्कम सांगतात, आणि ती दुकानागणिक बदलते. महाराष्ट्रात सराफाकडे मोडीचा भाव मिळतो, तर नाण्यांचे व्यापारी आणि नाणे-प्रदर्शनांत बसणारे विक्रेते त्याहून अधिक देऊ शकतात, पण इथे या नाण्याचे गिऱ्हाईक थोडे असल्याने घाई केल्यास भाव पडतो.

भारतातून अमेरिकेत तपासणीसाठी किंवा लिलावासाठी नाणे पाठवण्याचा विचार असेल, तर १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम आधी समजून घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी नाणी त्यातील पुरावशेषाच्या व्याख्येत येऊ शकतात, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही. जुने मॉर्गन डॉलर सर्वच आता शंभरीपार गेले आहेत, म्हणून टपालात टाकण्यापूर्वी किंवा प्रवासात सोबत नेण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा करावी. नाणे परदेशातून अलीकडेच आणले असेल, तर खरेदीची पावती आणि विमानतळावर केलेल्या घोषणेचा कागद त्या नाण्याच्या डबीसोबतच जपून ठेवावा.